डबा, काळीज आणि कुलूपबंद सिम्युलेटर

आमच्या स्किल लॅबची किल्ली भांडारपालांकडे असायची. लॅपरोस्कोपीच्या, म्हणजे पोटाला बारीक भोकं पाडून कॅमेऱ्याने बघत करायच्या सर्जरीच्या, सरावाचं व्हर्च्युअल रिॲलिटी यंत्र डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्यांच्या सहीने चढलेलं, म्हणजे त्याचं काही झालं तर वसुली त्यांच्या पगारातून. साहजिकच यंत्र अगदी सुरक्षित होतं. अंगावर फुलाफुलांची चादर, खोलीला कुलूप, आणि किल्ली मागायला गेलं की भाऊसाहेबांचा ठरलेला प्रश्न: "इन्स्पेक्शन आहे का, सर?"

जिल्ह्याच्या गावातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. गावाचं नाव देत नाही. असं यंत्र, अशी चादर आणि असे भाऊसाहेब बऱ्याच ठिकाणी सापडतील. मी तिथे सर्जरीला सहयोगी प्राध्यापक. तीन युनिटं, तिन्ही वर्षांचे मिळून १८ रेसिडेंट, म्हणजे सर्जरी शिकणारे निवासी डॉक्टर, आणि लॅपरोस्कोपीचा टॉवर, म्हणजे कॅमेरा-पडद्याचा संच, एकच. रेसिडेंटांना रुग्णाच्या पोटात हात घालण्याआधी बाहेर हात बसवायला लावायचा, एवढंच मला करायचं होतं. त्याला दोन वर्षं लागली, आणि अजूनही ते अर्धंच झालंय.

यंत्रापासूनच सुरुवात केली. भाऊसाहेबांच्या समक्ष चादर काढली, बटण दाबलं. पडद्यावर निरोप आला, परवान्याची मुदत संपली आहे. हमीच्या काळात कंपनीचा माणूस येऊन डेमो देऊन गेला होता. त्यानंतर नूतनीकरणाचे पैसे भरायला कुणाकडे लेखाशीर्षच नव्हतं. खरेदीचा निधी एका खात्याचा, देखभालीचा दुसऱ्या, आणि संगणकाच्या परवान्याला देखभाल म्हणायचं की खरेदी, यावर फाईल दोन टेबलांमध्ये येरझारा घालत होती. लाखो रुपयांचं यंत्र, अडलंय कशावर तर या प्रश्नावर. नियमांनाही अशाच गोष्टी मोजता येतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२० च्या मानकांत एमबीबीएसच्या १५० जागांपर्यंत स्किल लॅबला किमान ६०० चौरस मीटर जागा हवी असं लिहिलं होतं. जागा टेप लावून मोजता येते. त्या जागेत कोण किती वेळ उभं राहिलं, हे मोजायला टेप नाही.

पण यंत्र चालू असतं तरी फार काही घडलं असतं असं मला वाटत नाही. खरा अडसर विभागाच्या बैठकीत समोर आला. मी विषय काढला तेव्हा आमच्या ज्येष्ठ सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अरे, आपल्याकडे पेशंट काय कमी आहेत का?"

हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अमेरिकेत आणि युरोपात सिम्युलेशन, म्हणजे रुग्णाऐवजी यंत्रावर किंवा नमुन्यावर सराव, फोफावलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे रेसिडेंटांचे तास कमी झाले. अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, युरोपात ४८ तासांचा नियम. ऑपरेशन थिएटरातला वेळ घटला, मग उरलेलं शिक्षण कुठेतरी भरून काढणं आलं. तिथे लॅपरोस्कोपीच्या मूलभूत कौशल्यांची पाच कृतींची परीक्षा २००४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत सर्जरीच्या बोर्डाने ती सक्तीची केली. आमची गत नेमकी उलटी. आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला तासांची कमतरता नाही, सगळे तास त्याचेच आहेत. सकाळी रक्तं काढायची, ड्रेसिंग करायची, सीटीची तारीख मागायला रेडिओलॉजीच्या दारात उभं राहायचं, रक्तपेढीतून पिशवी आणायची, राउंडला सगळ्यांचे रिपोर्ट तोंडपाठ हवेत. सरावासाठी वेगळा तास काढायचा तर तो कशातून? रुग्ण भरपूर, म्हणून सराव नको. आणि रुग्ण भरपूर, म्हणून सरावाला वेळही नाही.

'एक बघा, एक करा, एक शिकवा' ही पद्धत विल्यम हॉल्स्टेडच्या नावावर खपवली जाते. त्याने बाल्टिमोरला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेसिडेन्सी उभी केली हे खरं. पण त्याची मुलं वर्षानुवर्षं हळूहळू वर चढत. एक बघून दुसरं करणं त्याच्या व्यवस्थेत बसणारं नव्हतं. ते आपण घाईत सोयीने बसवून घेतलं. उघड्या सर्जरीत ते बरंचसं निभावतं, कारण गुरूचे हात तुमच्या हातांशेजारीच असतात. चुकायला लागलात की मनगटावर चापट बसते. लॅपरोस्कोपीत ते होत नाही. हत्यार पोटाच्या भिंतीत टेकतं तिथे तरफेसारखं फिरतं: हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. डोळे समोरच्या पडद्यावर, हात खाली, आणि पडद्यावर खोली नाही. भारतात पहिलं लॅपरोस्कोपिक पित्ताशय ऑपरेशन डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात केलं. पस्तीसेक वर्षं झाली, आणि आमचा रेसिडेंट ही उलटी तरफ अजूनही प्रत्यक्ष माणसाच्या पोटातच पहिल्यांदा अनुभवत होता. त्या माणसाला ते माहीत नसतं. तो सरकारी दवाखान्यात आलाय, कारण दुसरीकडे जाणं त्याला परवडत नाही.

बैठकीत एवढं सगळं मी बोललो नाही. फक्त म्हणालो, "सर, एक डबा करून बघतो."

डबा म्हणजे बाजारात कपडे ठेवायला मिळतो तसला झाकणाचा प्लास्टिकचा डबा. झाकणाला तीन भोकं, त्यात सायकलच्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे पोर्ट, हत्यारं आत घालायची तोंडं. मधल्या भोकातून साधा वेबकॅम, आत एलईडीची पट्टी, बाहेर कुणाचा तरी जुना मॉनिटर. वर्कशॉपमधल्या सुतारमामांनी फळीवर खिळे ठोकून दिले. सलाईनच्या नळीचे अर्ध्या इंचाचे तुकडे कापले, त्या झाल्या रिंगा. ही रिंग डाव्या हाताने उचलायची, हवेत उजव्या हातात द्यायची, पलीकडच्या खिळ्यात घालायची, मग सगळं उलट. हत्यारं मात्र सुताराला करता येत नाहीत. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, कपाटात एक मेरीलँड आणि दोन ग्रास्पर, म्हणजे लांब दांड्याचे चिमटे, जबडे सैल होऊन निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून बाद होण्याच्या, प्रतीक्षेत पडून होते. ती मागितली तर ओटीच्या सिस्टर म्हणाल्या, निर्लेखन झाल्याशिवाय बाहेर देता येत नाहीत, आणि निर्लेखन झाल्यावर भंगारात जमा करावी लागतात. म्हणजे सरावासाठी ती कधीच मोकळी होणार नव्हती. शेवटी तात्पुरत्या उचलपावतीवर मिळाली. त्या पावतीची मुदत दर महिन्याला वाढवतो. आजही ती तात्पुरतीच आहे.

पहिला महिना फुकट गेला. मी डबा लॅबमध्ये ठेवला आणि वेळ लावली: मंगळवार, गुरुवार, संध्याकाळी सहा. सहाला इमर्जन्सीत दोन ॲपेंडिक्स आणि एक अपघात. रजिस्टर ठेवलं होतं, ते मात्र व्यवस्थित भरत होतं. महिन्याअखेर पाहिलं तर तीन आठवड्यांच्या नोंदी एकाच निळ्या पेनाने, एकाच अक्षरात, एकाच बैठकीत केलेल्या. मला राग यायला हवा होता, पण लॉगबुक आपण स्वतः कसं भरलं होतं तेही आठवलं. रजिस्टर बंद केलं.

मग डबा लॅबमधून उचलून ओटीशेजारच्या ड्यूटी रूममध्ये नेला. सगळ्या प्रकरणात एवढा एकच बदल असा, की ज्यासाठी ना पैसा लागला, ना परवानगी. केस संपून दुसरी आत येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जातात: भूलतज्ज्ञ, साफसफाई, ट्रॉली. पूर्वी ही मिनिटं मोबाईलमध्ये जात. डबा डोळ्यांसमोर असला की कुणीतरी हात लावतंच, आणि एकाने लावला की दुसरा मागून म्हणतो, "सरक, मी दाखवतो."

तिथेच एका पहिल्या वर्षाच्या मुलीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ओटीत ती कॅमेरा धरायची तेव्हा मला इतकंच कळायचं की चित्र हलतंय. डब्याशी उभी राहिली तेव्हा कारण दिसलं. ती पडद्याकडे पाहतच नव्हती. दर दोन सेकंदांनी नजर खाली, हातांकडे. आणि डावा हात ग्रास्पर धरून नुसता झोपलेला. सगळं काम उजवाच करत होता. मी म्हटलं, "डावा कुठंय तुझा?" ती दचकली. डाव्या हाताला काही काम असतं हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. ओटीत तशी वेळच येत नाही, तिथे रक्त आणि घड्याळ असतं. मी तिच्या हातांवर हिरवी चादर टाकली. सुरुवातीला रिंगा सारख्या पडल्या. चौथ्या दिवशी डावा हात जागा झाला, आपणहून रिंग फिरवून उजव्यासमोर धरू लागला. हे बघायला मी रोज दहा मिनिटं तिथे उभा होतो. ती दहा मिनिटं माझ्या कामाच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत, आणि दुसऱ्या युनिटातल्या सहकाऱ्यांनी ती का द्यावीत, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही फारसं नाही.

वेळ लावून सराव करायचा तर किती वेळात जमलं म्हणजे जमलं? अमेरिकेतल्या त्या परीक्षेच्या तयारीसाठी प्रसिद्ध झालेल्या प्रशिक्षण-आराखड्यात रिंगांच्या कृतीला ४८ सेकंदांचं लक्ष्य आहे, तेही सलग दोनदा आणि शिवाय आणखी दहा वेळा. पण आमचे खिळे वेगळे, रिंगा वेगळ्या, मेरीलँडचा जबडा सैल. तो आकडा उचलून लावणं चुकीचं होतं. रीत अशी, की त्याच साधनावर अनुभवी सर्जनांची वेळ घ्यायची आणि तिच्यावरून लक्ष्य ठरवायचं. म्हणजे आता आम्हा मास्तरांना घड्याळासमोर उभं राहणं आलं.

माझी पहिली वेळ १ मिनिट ३४ सेकंद. तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा त्याच डब्यावर ५८ सेकंदांत करत होता. मी वेळा भिंतीवर लावल्या, माझी सगळ्यात वर. दुसऱ्या दिवशी कागद गायब. कुणी काढला ते विचारलं नाही. विभागात काही जण असे आहेत की ज्यांचे हात उघड्या पोटात पाहावे तर डोळ्यांचं पारणं फिटावं, पण ते लॅपरोस्कोपी उशिरा, स्वतःच्या हिमतीवर शिकले. ज्युनिअरसमोर प्लास्टिकच्या डब्यात रिंग पाडायला त्यांनी का तयार व्हावं? सिम्युलेशन आणताना विद्यार्थ्यांच्या अडचणींची चर्चा होते, शिक्षकाच्या अब्रूची होत नाही. पुढे शिक्षकांच्या वेळा बंद दाराआड घेतल्या, नावं न लिहिता.

आणि मग तो नियम आला, ज्याने लॅब खऱ्या अर्थाने चालू झाली आणि थोडी बिघडलीही. आमच्या युनिटपुरतं ठरवलं की ठरल्या वेळेत रिंगा बसल्याशिवाय लॅप कोलेत, म्हणजे लॅपरोस्कोपीने पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनमध्ये, पित्ताशय यकृतावरून सोडवायला मिळणार नाही. रेसिडेंटला व्याख्यान नको, प्रमाणपत्र नको, त्याला केस हवी असते. दोन आठवड्यांत डब्यापुढे रांग लागली. रात्री दोनला इमर्जन्सी संपवून पोरं रिंगा फिरवत बसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बिघडलं ते असं. घड्याळ ठेवलं की हात घड्याळासाठी शिकतो. ५८ सेकंदवाला मुलगा ओटीत आला आणि पित्ताशयाला त्याच वेगाने हिसका दिला. पित्ताशय फुटलं, पित्त सांडलं. पित्त सांडणं ही काही मोठी दुर्घटना नव्हे; धुऊन, शोषून घेतलं, रुग्ण दोन दिवसांत घरी गेला. पण सलाईनच्या नळीला हिसका लागत नाही, ऊतीला लागतो, एवढं साधं आमच्या नियमात नव्हतं. ज्येष्ठ सर तेवढंच म्हणाले: "डब्यातून रक्त येत नाही रे." तेव्हा झोंबलं. पण ते बरोबर होते.

त्यातून काळीज, म्हणजे बोकडाचं यकृत, आलं. बोकडाच्या काळजाला पित्ताशय चिकटलेलं असतं, पण दुकानात कधी दिसत नाही, कारण खाटीक ते पहिल्यांदा काढून टाकतो. पित्ताशयासकट काळीज हवंय म्हटल्यावर आमच्या खाटीकभाऊंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाले, "डॉक्टर, पित्त फुटलं की काळीज कडू होतं. गिऱ्हाईक परत येत नाही." आणि बोलता बोलता त्यांनी सुरीचं टोक लावून, दोन बोटांनी, एक पित्ताशय अलगद सोलून बाजूला टाकलं. एक थेंब नाही. मी त्या ५८ सेकंदवाल्या मुलाला पुढच्या वेळी सोबत नेलं, दुसरं काही सांगितलं नाही.

काळीज डब्यात ठेवायचं, खाली पत्र्यावर जुन्या कॉटरीची, म्हणजे विजेने चटका देऊन कापणाऱ्या यंत्राची, प्लेट, आणि तिच्या हूकने पित्ताशय सोडवायचं. धूर होतो, वास येतो, चार वाजेपर्यंत खोलीत उभं राहवत नाही. वॉर्डातल्या मावशींनी स्पष्ट सांगितलं की औषधांच्या फ्रिजमध्ये मटण ठेवू देणार नाही, आणि त्यांचंच बरोबर होतं. म्हणून सकाळी आणायचं, दुपारी संपवायचं. उरलेलं पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत प्राण्यांच्या अवयवांचा वर्ग तिथेच आहे. कचरा उचलणाऱ्या माणसाने तरी एकदा पिशवी उघडून विचारलंच, "हे कुणाचं?"

आमच्यातला एक मुलगा जैन. त्याने मला बाजूला घेऊन, संकोचत सांगितलं की बाकी सगळं करेन, हे नको. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय योग्येचा आहे, योग्या म्हणजे सराव. छेद घ्यायचा सराव भोपळा, कलिंगड, काकडीवर. शिरेचा वेध मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. टाके जाड कापडावर आणि मऊ चामड्यावर. पट्ट्या बांधायला पुतळा. शास्त्र पाठ असलं तरी योग्या केली नसेल तो कर्माला अयोग्य, असं तिथे स्वच्छ म्हटलंय. कमळाचा देठ हा पर्याय त्या ग्रंथातच दिलेला पाहून तो मुलगा हसला. त्याच्यासाठी द्राक्षं आणली. हूक आणि ग्रास्परने द्राक्षाचं साल गर न फोडता काढणं काळजाइतकंच अवघड आहे, आणि उरलेली द्राक्षं खाता येतात.

ज्येष्ठ सर यात कसे आले ते सांगायला हवं. एकदा काळजाबरोबर खाटीकभाऊंनी आतडंही दिलं. मुलं ते धुऊन, मुदत संपलेल्या धाग्यांनी जोडायचा प्रयत्न करत होती. सर चहासाठी ड्यूटी रूममध्ये आले, मागे उभे राहिले, दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "असं शिवलंस तर पाचव्या दिवशी गळेल." शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दोन तास तिथेच. श्लेष्मल पडदा आत कसा वळवायचा, टाका किती घट्ट, शिवून झाल्यावर आत पाणी भरून गळती कशी पाहायची. डब्यात शिकवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. आतड्यात चाळीस वर्षांचं होतं. मी इतके दिवस त्यांना माझ्या साधनापर्यंत आणायची खटपट करत होतो. पाहिजे होतं उलट. आता महिन्यातून एक शनिवार त्यांचा असतो. त्या दिवशी घड्याळ लावत नाही.

एक प्रसंग मात्र थोडक्यात निभावला. एका सकाळी ओटीच्या सिस्टरना निर्जंतुक करायच्या ट्रेमध्ये एक नीडल होल्डर सापडला, काळजाचा वाळका कण चिकटलेला. सरावाचं हत्यार धुण्याच्या जागी मिसळलं होतं. रुग्णापर्यंत गेलं नाही, ते त्यांच्या डोळ्यांमुळे. त्यांनी त्या दिवशी लॅब बंद करायला लावली आणि तीन दिवसांनी स्वतःच उपाय काढला: सरावाच्या प्रत्येक हत्याराच्या मुठीला लाल नेलपेंटचा ठिपका, धुणं वेगळ्या बेसिनला, मोजणी त्यांच्याकडे. मुदत संपलेले धागे लाल डब्यात आणि ड्यूटी रूमच्या बाहेर काढायचे नाहीत. हे सगळं सुरुवातीलाच मला सुचायला हवं होतं.

फायदा झाला का? आकडे देण्याइतकी आमची नोंद नाही. अमेरिकेत येल विद्यापीठात १६ रेसिडेंटांवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आभासी यंत्रावर सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवायला २९ टक्के कमी वेळ घेतला, आणि सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलत्याच ऊतीला चटका बसण्याची शक्यता पाचपट होती. आमच्याकडे मला जे दिसतं ते एवढंच: कॅमेरा स्थिर असतो आणि डावा हात जागा असतो. त्यापलीकडचा दावा करणार नाही. पित्ताशयाच्या ऑपरेशनमधली खरी भीती पित्तनलिका कापली जाण्याची. पित्ताशयाच्या मानेजवळच्या कॅलोच्या त्रिकोणात सुजलेल्या, चिकटलेल्या ऊतीत नलिका ओळखणं, सुरक्षित दृश्य मिळालं नाही तर हात थांबवणं, पोट उघडायचा निर्णय घेणं. यातलं काही निरोगी बोकडाच्या काळजात नसतं. ते अजून रुग्णाशेजारी उभं राहूनच शिकवतो. शिवाय दुसरी दोन युनिटं आमच्या नियमात आली नाहीत. तिथली मुलं हौसेने डब्याकडे येतात, पण केस त्यांना डब्याशिवायही मिळते. मधेच तीन महिन्यांची जिल्हा रुग्णालयातली रेसिडेन्सी असते. तिथून परतलेल्याची वेळ पुन्हा दीड मिनिटावर गेलेली असते. डबा सोबत न्या म्हटलं, तर एकानेच नेला.

मधल्या काळात इन्स्पेक्शन झालं. भाऊसाहेबांनी चादर धुऊन आणली होती. पाहुण्यांनी यंत्राचा फोटो घेतला, अनुक्रमांक तपासला, खोलीची लांबी-रुंदी पाहिली. ड्यूटी रूमच्या दारावरून ते पुढे गेले, तेव्हा आत कुणीतरी खाली पडलेली रिंग टेबलाखाली वाकून शोधत होतं.

परवान्याची फाईल सध्या तिसऱ्या टेबलावर आहे. श्रावण चालू असल्याने खाटीकभाऊंकडची कटाई निम्म्यावर आलीय, काळीज मिळतं ते शुक्रवारीच. द्राक्षांचा हंगाम नाही. पहिल्या वर्षाची नवी मुलं तूर्तास केळ्याच्या सालावर टाके घालताहेत, आणि त्यांच्यात एक डावखुरा आहे, त्याच्यासाठी खिळ्यांची फळी उलटी ठोकून घ्यायचीय.